हरलेल्या बाईचा अर्ज

वॉर्डाच्या निवडणुकीची मतमोजणी दुपारी तीनला संपली आणि चष्म्याच्या दुकानवाल्या बाई तीनशे सोळा मतांनी हरल्या.

वाईट वाटलंच. पण आकडा कानावर पडल्या पडल्या आधी काय वाटलं असेल तर, सुटले एकदाची. महिनाभर दुकानाच्या फोनवर कोणीतरी फोन करायचं आणि काही न बोलता नुसता श्वास ऐकवायचं. ते आता थांबेल. नवरा झोपण्याआधी तीन तीनदा दाराची कडी तपासायचा. तेही थांबेल. हरलेल्या माणसाच्या वाटेला कोण कशाला जातंय, असा त्यांचा हिशेब.

संध्याकाळी जिंकलेल्यांची मिरवणूक निघाली आणि पहिला ट्रक नेमका दुकानासमोर येऊन थांबला. कोणी शिवी दिली नाही, दगड मारला नाही. ड्रायव्हरने फक्त हॉर्नवर हात ठेवला आणि दहा मिनिटं उचलला नाही. कपाटातल्या फ्रेमी काचेवर थरथर वाजत होत्या. बाई काउंटरमागे उभ्या राहिल्या. बसावं तर घाबरलो असं दिसेल आणि बाहेर जावं तर पाय उचलत नव्हते.

मागच्या खोलीतून सासूबाई आल्या. "कोणाची गाडी अडकलीय का?"

"नाही आई. निवडून आलेत ते."

"मग पुढे का जात नाहीत?"

निवडून आलेल्याला सगळे मिक्सर म्हणत. काँक्रीट मिसळणाऱ्या गाड्यांचा त्याचा धंदा होता. सासूबाईंची मात्र कित्येक वर्षं समजूत होती की तो स्वयंपाकघरातले मिक्सर विकतो, आणि मिक्सर विकून माणूस चार मजली घर कसं बांधतो याचं त्यांना मनापासून कौतुक होतं.

चौथ्या दिवशी सकाळी पाळणाघर चालवणारी ताई दुकानात आली. वॉर्डातल्या जुन्या पाण्याच्या टाकीला लागून एक बैठी खोली होती, तिथे तिचं पाळणाघर. अठ्ठावीस मुलं. आठ वाजता आया मुलांना सोडून कामावर जात. ताईने पर्समधून रुमाल काढला आणि काउंटरवर उघडला. आत प्लॅस्टरचा तळहाताएवढा तुकडा होता. आतल्या बाजूने तांबडा, गंजाने माखलेला.

"परत पडलं, बाई. टाकीच्या तिसऱ्या खांबाचं."

बाईंनी हात लावला नाही. "निवडून आलेत त्यांच्याकडे जा ना. आता मी कोण?"

"गेले होते. त्यांच्या माणसाने एवढंच विचारलं, तुमचा जागेचा करार कधी संपतो."

बाईंनी रांगेत असलेली एक फ्रेम उचलून पुन्हा रांगेतच ठेवली.

"तुम्ही म्हणाला होतात, टाकीचं मी बघेन," ताई म्हणाली.

"निवडून आले तर बघेन, म्हणाले होते."

"तसं नव्हतात म्हणाला." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. "मी तिथेच उभी होते."

बाई टाकीपाशी गेल्या त्या धाडस म्हणून नाही. तो तुकडा पाहिल्यापासून कानात अठ्ठावीस मुलांचा गलका घुमू लागला होता, आणि तो दुकानात बसून थांबणार नव्हता. जाताना त्यांनी फूटपट्टी काकांना बरोबर घेतलं. काका पालिकेच्या बांधकामावरचे निवृत्त सुपरवायझर. निवृत्तीला आठ वर्षं झाली तरी शर्टाच्या खिशात स्टीलची पट्टी असायचीच.

टाकी आठ खांबांवर उभी होती. खालून मान वर करून पाहिली की ती आपल्याच अंगावर झुकल्यासारखी वाटे. तिसऱ्या खांबावर कमरेपासून डोक्याच्या वर गेलेली भेग होती. काकांनी पट्टी लावली, डोळे बारीक केले आणि भेग वरपासून खालपर्यंत दोनदा मोजली. भिंतीपलीकडे मुलं काहीतरी घोकत होती.

"भेग जुनी असेल तर एवढं नाही," ते शेवटी म्हणाले. "वाढती असेल तर मुलांना इथे एक दिवसही बसवू नका."

"कळायचं कसं?"

"काच लावा. भेगेवर आडवी, पातळ, दोन्ही टोकं पक्की चिकटवायची. खांब हलला तर काच तुटते. काच काही ताणली जात नाही. शेजारी तारीख लिहा, दोन सह्या घ्या. पूर्वी आम्ही असंच करायचो."

"दुसरी सही तुम्ही कराल?"

काकांनी पट्टी खिशात घातली, परत काढली, परत घातली. "माझे पेन्शनचे कागद मिक्सरच्याच ऑफिसातून फिरतात, बाई. कसं लावायचं ते सगळं दाखवतो. सही मात्र नको."

दुकानात सासऱ्यांच्या काळातली साधी काच पडून होती. बाईंनी हिऱ्याच्या पेन्सिलने तिच्या बोटभर रुंदीच्या चार पट्ट्या कापल्या. दुसऱ्या दिवशी मुलं यायच्या आधी त्यांनी आणि पाळणाघरवाल्या ताईने त्या भेगेवर चिकटवल्या, बाजूला रंगाने तारीख घातली, दोघींनी सह्या केल्या. परतताना बाईंनी चारदा मागे वळून पाहिलं. रस्त्यावर फक्त झाडूवाला होता. तरी वाटलं, याने पाहिलं.

कोणीतरी पाहिलंच होतं. दोन दिवसांनी दुपारी एक माणूस डोळे तपासायला आला. चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट, बोलायला अगदी नम्र. बाईंनी त्याला आतल्या खोलीत नेलं. ती खोली जेमतेम खाटेएवढी. दार लावून दिवा मालवला की समोरची अक्षरं तेवढी उजळतात. त्यांनी त्याच्या नाकावर तपासणीची फ्रेम ठेवली, उजवा डोळा झाकला.

त्याने पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळं न अडखळता वाचलं. डाव्या डोळ्यानेही.

"तुम्हाला नंबर नाही," बाई म्हणाल्या.

"माहितेय मला." तो हलला नाही. अंधारात त्याचे दात तेवढे दिसले. "मला सगळं स्वच्छ दिसतं. तुमचे मिस्टर बस डेपोतून सव्वापाचला सुटतात. सायकल पुलाखालून आणतात. तिथे कठडा तुटलाय नाही का? सांभाळून यायला सांगा."

बाईंचा हात त्याच्या कपाळाजवळ, फ्रेमवर होता. तो तिथेच राहिला. काढून घ्यायला हवा हे कळत होतं, पण बोटं ऐकत नव्हती. त्याने स्वतःच फ्रेम काढली, नीट मिटून त्यांच्या हातात दिली, "येतो हं" म्हणाला आणि बाहेर जाताना सासूबाईंनाही नमस्कार करून गेला.

"किती चांगल्या वळणाचा माणूस," सासूबाई म्हणाल्या.

संध्याकाळी साडेपाच झाले, पावणेसहा झाले. बाई दुकानाच्या पायरीवर उभ्या होत्या. पाच पन्नासला नवरा कोपऱ्यावर दिसला तेव्हा त्यांना एकदम त्याचा राग आला, एवढा उशीर केला म्हणून. साखळी पडली होती, बाकी काही नाही. घरात गेल्यावर त्यांनी सगळं सांगितलं. नवरा ऐकत ऐकत खुर्चीत बसला. बुटाची एक नाडी सोडलेली, दुसरी तशीच.

"हरलीस ना तू?" तो म्हणाला. "मग हरल्याचा एवढा तरी फायदा घे. घरी बस."

"अहो, मुलं आहेत तिथे."

"आणि आपण कोण आहोत? मी डेपोत हेड क्लार्क आहे, पैलवान नाही. उद्या मला कुठे फेकतील, काय करतील…" त्याचा आवाज चढला आणि मध्येच बसला. "मला भीती वाटते गं. तुला सांगायची लाज वाटत होती. तू फॉर्म भरलास त्या दिवसापासून वाटते."

"मला काय वाटत नाही होय?"

"मग कशाला करतेस?"

"उद्या पुलाखालून येऊ नका," एवढंच त्या म्हणाल्या. तो दुसऱ्या दिवसापासून लांबच्या रस्त्याने येऊ लागला.

काचा लावल्यापासून सहाव्या दिवशी सकाळी सात वाजता पाळणाघरवाल्या ताईचा फोन आला. ती धड बोलतच नव्हती. बाई चपला घालून तशाच धावल्या. चारांपैकी दोन काचा मधोमध तडकल्या होत्या. तिसरी शाबूत दिसत होती, पण बोट लावल्यावर तिचा अर्धा तुकडा खाली पडला.

अठ्ठावीसपैकी सतरा मुलांना आयांनी घरी नेलं. अकरा जणांना नेणारं कोणी नव्हतं. ती दुकानामागच्या खोलीत आली. सासूबाईंनी दारात उभं राहून मोजणी केली आणि म्हणाल्या, "निवडून आली असतीस तर काय झालं असतं कोण जाणे. हरून ही तऱ्हा." मग पलंगावरची चांगली चादर काढून जुनी अंथरली.

वॉर्ड ऑफिसात बाईंनी अर्ज नेला. कारकुनाने पहिली ओळ वाचली आणि कागद टेबलावरून परत सरकवला. शिक्का मारायला तयारच होईना. "परवा अकराला नागरिकांची सभा आहे, तिथे द्या."

"परवापर्यंत टाकी थांबेल का?"

त्याने आजूबाजूला पाहिलं. "मला विचारू नका, बाई. हात जोडतो."

दोन दिवस बाई दारोदार फिरल्या. मतं मागायला जी दारं वाजवली होती तीच पुन्हा. सगळे म्हणाले, येतो. बारा जणांनी छातीवर हात ठेवून सांगितलं. फूटपट्टी काका म्हणाले, "मी तर येणारच." अकराला पाच कमी असताना सभागृहाच्या पायऱ्यांवर तिघीच होत्या: बाई, पाळणाघरवाली ताई आणि एका मुलाची आई, जिने अर्धा दिवस रजा टाकली होती. काकांचा फोन बंद लागत होता. फाटकाजवळ चांगल्या डोळ्यांचा तो माणूस वहीत येणाऱ्यांची नावं लिहीत होता. त्याने विचारलं नाही, बाईंचं नाव आपणच लिहिलं.

आत पंख्यांचा आवाज, खुर्च्यांचे पाय फरशीवर घासल्याचा आवाज. समोर मिक्सर, त्याच्या डावीकडे तरुण ज्युनिअर इंजिनियर, उजवीकडे सभेचं इतिवृत्त लिहिणाऱ्या मॅडम. बाईंचा नंबर सातवा होता. सहाव्याला वाटलं, उठून बाथरूमला जावं आणि तिथूनच घरी जावं. कोणी काही म्हणणार नाही. सगळ्यांना बरंच वाटेल.

"बोलू द्या, बोलू द्या," मिक्सर हसून म्हणाला. "पडलेल्यांनाही बोलायचा हक्क आहे."

हशा झाला. बाई उभ्या राहिल्या. अर्ज त्यांनी न वाचताच खुर्चीवर ठेवला. आवाज आला तो कोणा परक्या बाईचा वाटावा असा.

"मी टाकीबद्दल सांगायला आले. तिसऱ्या खांबावर आम्ही चार काचा लावल्या होत्या. सहा दिवसांत तीन तुटल्या. हे तुकडे. तारीख आणि सह्या खांबावर आहेत."

"काच काय, कोणीही फोडेल," मागून कोणीतरी म्हणालं.

"हो. फोडेल," बाई म्हणाल्या. "म्हणूनच इंजिनियर साहेबांनी स्वतः येऊन बघावं. तोपर्यंत टाकी रिकामी करावी."

"वॉर्डाला पाणी कोण देणार? तुम्ही?" मिक्सरने विचारलं. आता तो हसत नव्हता. "निवडणूक संपली, बाई. लोकांना घाबरवून मतं मिळत नाहीत, ते बघितलंत ना?"

पुन्हा हशा, पण थोडा कमी. त्यांनी पुढच्या खुर्चीची पाठ धरली आणि इतिवृत्त लिहिणाऱ्या मॅडमकडे वळल्या.

"माझं म्हणणं मान्य करू नका. फक्त लिहून घ्या. आज ह्या सभेत मी सांगितलं की खांब हलतोय. आणि इथे कोण कोण ऐकत होतं, तेही लिहा. अध्यक्षांचं नाव, इंजिनियर साहेबांचं नाव. एवढं लिहिलंत की मी बसते."

मॅडमचं पेन थांबलं. त्यांनी मिक्सरकडे पाहिलं, मग इंजिनियरकडे. इंजिनियर जेमतेम सव्वीस-सत्तावीसचा असेल. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. बाईंना तेव्हा पहिल्यांदा दिसलं की खोलीत आपण एकट्याच घाबरलेल्या नाही. तो मुलगा तर त्यांच्यापेक्षा जास्त घाबरला होता. टाकीचं सोडा, तो त्या न लिहिलेल्या ओळीला घाबरला होता.

तो मिक्सरच्या कानाशी वाकला. दोघं कुजबुजले. मिक्सरने नकारार्थी मान हलवली. इंजिनियर पुन्हा वाकला, आणि या वेळी त्याचा आवाज जरा मोठा झाला, तेव्हा सगळ्यांना ऐकू आलं. "साहेब, एकदा लिहिलं गेलं की मग माझ्यावर येईल."

मिक्सर बाईंकडे बघत राहिला. "करा रिकामी," तो शेवटी म्हणाला. "पण पाणी कोणामुळे गेलं, तेही लोकांना कळू दे."

ते कळलंच. दुसऱ्या दिवसापासून वॉर्डात दिवसाआड अर्धा तास पाणी येऊ लागलं. ज्या दारांनी मतं दिली होती त्याच दारांतून बाईंना ऐकू येईल असं बोललं जाऊ लागलं. एका नेहमीच्या गिऱ्हाइकाने तयार झालेला चष्मा न्यायला नकार दिला. एका सकाळी दुकानाच्या शटरवर कोणीतरी रंगाने "पाणी" एवढाच शब्द लिहिला होता. बाईंनी घासून काढला. बादलीत उरलेलं पाणी त्यासाठी वापरावं लागलं म्हणून त्यांना रडू आलं. सभेत आलं नव्हतं ते रडू तेव्हा आलं.

तिसऱ्या आठवड्यात नवऱ्याची बदली शहराच्या दुसऱ्या टोकाच्या डेपोत झाली. कारण लिहिलं होतं, प्रशासकीय. आता तो पहाटे पाचला निघायचा. बदलीचं पत्र त्याने टेबलावर ठेवलं. बाईंनी गजर पहाटे चारला लावला.

तपासणी झाली. खांबातली सळई निम्मी गंजून गेली होती. टाकी वापरायला धोकादायक आहे, असा अहवाल आला, आणि दोन महिन्यांनी ती पाडली. पण ती आपणहून पडली नव्हती, त्यामुळे पडली असती की नाही हे कोणालाच कळलं नाही. दुकानासमोरून जाणारे म्हणायचे, इतकी वर्षं उभी होती की. फूटपट्टी काका एकदा समोरून आले, खाली मान घालून म्हणाले, "त्या दिवशी ताप होता." बाई म्हणाल्या, "असू द्या काका." त्यांना खरंच राग नव्हता. सभेतून उठून घरी जावं असं त्यांनाही वाटलं होतं.

मग एक दिवस पाळणाघरवाल्या ताईने बातमी आणली. ती आता दोन गल्ल्या सोडून एका जुन्या गोदामात मुलं सांभाळत होती. नव्या टाकीचं काम मिक्सरच्या मेव्हण्याला मिळालं होतं.

बाई हसायलाच लागल्या. हसता हसता काउंटरवर बसल्या. सासूबाई आतून आल्या. "काय गं?"

"काही नाही आई. नवी टाकी मिक्सरवालेच बांधणार."

"मग जाऊन बघावं लागेल," सासूबाई म्हणाल्या, "माल नीट घालतात का ते."

पुढची सभा मंगळवारी होती. कामाच्या जागी नकाशा आणि मालाच्या तपासणीचा अहवाल लोकांना दिसेल असा लावावा, एवढाच अर्ज बाईंनी लिहिला होता. चार ओळींचा. तरी लिहून झाल्यावर त्या दोनदा उठून दार लागलंय का बघून आल्या. नवरा जेवत होता. त्याने सगळं पाहिलं.

"मंगळवारी ना?" त्याने विचारलं.

"हं."

"नव्या डेपोत माझी सुट्टी मंगळवारीच असते."

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. तो ताटातच बघत होता. "बोलणार नाही मी काही," तो म्हणाला. "मागे बसेन."

मंगळवारी दोघं पायीच गेले. ऑफिसच्या वळणावर तो थांबला, रुमालाने मान पुसली, आणि बाईंना वाटलं, आता हा परत फिरेल. फिरला असता तर त्यांनी त्याला अडवलंही नसतं. फाटकाजवळ तोच माणूस वही घेऊन उभा होता, तसाच इस्त्रीचा शर्ट, तसाच नम्र.

"अरे वा, साहेबपण आले," तो म्हणाला. "नवा डेपो लांब पडत असेल, नाही? नाव सांगा, लिहून घेतो."

नवऱ्याचा चेहरा पांढरा पडला. बाईंनी त्याच्या कोपराला हात लावला. तोही थंड होता. मग त्याने त्या माणसाच्या हातातून पेन आणि वही घेतली.

"मी लिहितो," तो म्हणाला, आणि गुडघ्यावर वही टेकवून, कचेरीतल्यासारख्या वळणदार अक्षरात, स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव आणि घराचा पत्ता सगळं सावकाश लिहिलं.

आत मागच्या दोन रांगांत नऊ माणसं बसली होती. बाईंनी मोजली. त्यातली चार त्यांना अजिबात अपेक्षित नव्हती. बाईंचा नंबर तिसरा होता. नाव पुकारलं तशा त्या चार ओळींचा कागद घेऊन उभ्या राहिल्या.